मंडळी कोणाची?

ऑगस्ट २०२१ मधील गोष्ट. श्रावण चालू होता. बीदर जिल्ह्यातील हुमनाबाद तालुक्यात दुबलगुंडी नावाचे गाव आहे. तेथे पावसाची झड नुकतीच उघडली होती आणि गावाभोवतीची तुरीची शेते हिरवीगार दिसत होती. महासाथीमुळे हैदराबादच्या महाविद्यालयातील वर्ग बंद पडले होते. म्हणून एक विद्यार्थी आपल्या आजोबांच्या घरी येऊन राहिला होता. त्या रात्री त्याचे जेवणात लक्ष नव्हते. ताटातली भाकरी निवून गेली, तरी त्याची बोटे फोनवरच चालली होती. आजोबांनी विचारले, "काय झालं लेकरा? कोणाशी भांडतोस?"

भांडण मित्रांशीच होते. कारण मात्र सातासमुद्रापलीकडचे होते. २४ ऑगस्ट रोजी लंडनमध्ये चार्ली वॉट्स हे वादक वयाच्या ८० व्या वर्षी निवर्तले. 'रोलिंग स्टोन्स' हा इंग्लंडमधला गायकवादकांचा मोठा प्रसिद्ध संच. गिटार आणि ड्रम यांच्या जोरकस साथीने जे गायन चालते व ज्याला रॉक असे म्हणतात, त्या गायनाचा हा संच १९६२ मध्ये उभा राहिला. वॉट्स १९६३ च्या आरंभी त्यात आले आणि अखेरपर्यंत, म्हणजे ५८ वर्षे, त्यांनी त्या संचाचा ठेका सांभाळला. संचाचा अमेरिकेतील दौरा पुढच्याच महिन्यात सुरू व्हावयाचा होता. तो व्हावा की न व्हावा, यावरून मित्रमंडळींत दोन तट पडले होते. एक पक्ष म्हणे, ठेकाच गेला, आता ते नाव लावण्याचा अधिकार कोणाला उरला? दुसरा म्हणे, गाणी जिवंत आहेत तोवर संचही जिवंत आहे. तिसऱ्या एकाने तर निकालच देऊन टाकला होता की, संचाचे संस्थापक ब्रायन जोन्स १९६९ मध्ये वारले, त्याच दिवशी तो संच संपला. पुढची ५२ वर्षे ही नुसती नक्कल होती.

आजोबांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "हे भांडण तुमचं नव्हे. हे आमचं आहे. केशवराव गेल्यावर ललितकला राहिली का, हा वाद वडिलांच्या तोंडून ऐकतच मी मोठा झालो."

नातवाला हे नाव ठाऊक नव्हते. त्याच्या पिढीतील पुष्कळांना ते ठाऊक नसेल. म्हणून ती हकीकत येथे थोडी विस्ताराने सांगणे उचित ठरेल.

ज्याला हे तरुण संच म्हणतात, त्याला मराठी माणूस मंडळी म्हणत आला आहे. किर्लोस्कर नाटक मंडळी, गंधर्व नाटक मंडळी, गावोगावच्या भजनी मंडळी. मंडळी हा शब्द समुदायाचा वाचक आहे. त्यात नायक असतो आणि पेटीवालाही असतो. पडदे रंगविणारा असतो आणि बिऱ्हाडाचा स्वयंपाक करणाराही असतो. प्रेक्षक मात्र या समुदायातून एकच मुद्रा निवडतो, एकच गळा हृदयाशी धरतो आणि मंडळी म्हणजे तोच माणूस असे मानू लागतो. त्या माणसाच्या मृत्यूनंतर जे वाद माजतात, त्यांचे मूळ बहुधा येथेच असते.

मराठी संगीत रंगभूमीला हा अनुभव फार लवकर आला. बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ मध्ये कानडी मुलखातील गुर्लहोसूरचा. त्यांनी १८८० मध्ये पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि अवघ्या पाच वर्षांत, १८८५ मध्ये, ते निवर्तले. नाटककार तेच, शिक्षक तेच आणि चालकही तेच. तेव्हा त्यांच्यामागे मंडळी मोडावयास हवी होती. परंतु ती मोडली नाही. भाऊराव कोल्हटकर यांच्या गळ्याने तिला तारले. पुढे देवलांचे 'शारदा' याच मंडळीने १८९९ मध्ये प्रथम रंगभूमीवर आणले, म्हणजे संस्थापकाच्या मृत्यूनंतर तब्बल १४ वर्षांनी. खाडिलकरांचे 'मानापमान' १९११ मध्ये आले, २६ वर्षांनी. अण्णासाहेबांबरोबर मंडळी संपली असा निकाल १८८५ मध्येच कोणी दिला असता आणि मंडळीने तो मानला असता, तर ही नाटके त्या रंगमंचावर आलीच नसती.

१९०१ मध्ये भाऊरावही गेले. रसिकांवर हा दुसरा आघात होता. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, हा तरुण त्या मंडळीत आला, आणि पुढे कित्येक वर्षे जुने रसिक नव्या रसिकांना सांगत राहिले की, तुम्ही भाऊराव ऐकले नाहीत, तुम्हांला काय ठाऊक! या वादाचा निकाल कोणत्याही न्यायालयात लागण्याजोगा नव्हता. हिंदुस्थानात गायनाचे ध्वनिमुद्रण सुरू झाले १९०२ मध्ये. म्हणजे भाऊरावांचा गळा काळाच्या हाती एकाच वर्षाच्या अंतराने निसटला. ज्यांनी तो ऐकला, त्यांच्या कानांतच तो राहिला, आणि त्यांच्याबरोबरच तो गेला. आठवणीतल्या गळ्याशी स्पर्धा करणे कोणत्याही जिवंत गायकाला शक्य नसते. आठवण कधी बेसूर होत नाही, आणि तिला कधी पडसेही होत नाही.

पुढे १९११ मध्ये मंडळीचे आधारस्तंभ नानासाहेब जोगळेकर वारले. या वेळी मात्र वेगळे घडले. १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. मूळ मंडळीही चालूच राहिली; तिच्यात दीनानाथ मंगेशकरांसारखा गुणी नट पुढे आला, आणि १९१८ मध्ये तेही बाहेर पडून त्यांची बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. खरा वारसा कोणाकडे, जुन्या नावाकडे की बाहेर पडलेल्या गळ्याकडे, हा प्रश्न रसिकांना पडणे स्वाभाविकच होते. आज मागे वळून पाहता असे दिसते की, वारसा एका घरी राहिला नाही. तो तीन घरी वाटला गेला, आणि वाटला गेल्याने कमी झाला नाही.

आता केशवराव. केशवराव भोसले यांचा जन्म कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९०. अगदी लहान वयात ते स्वदेशहितचिंतक मंडळीत दाखल झाले आणि 'शारदा' नाटकातील शारदेच्या भूमिकेने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पुढे, १९०८ मध्ये, त्यांनी स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. ती पुण्यास नव्हे, मुंबईस नव्हे आणि कोल्हापुरासही नव्हे, तर हुबळीस! दुबलगुंडीसारख्या गावातील श्रोत्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मराठी रंगभूमीवरील एका नामांकित मंडळीचा नारळ कानडी गावात फुटला. त्याच्याही आधी, १८४३ मध्ये, विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. सीमेवर दोन भाषा एकमेकींची उसनवारी करीत आल्या आहेत, आणि त्या व्यवहाराची वही कोणीच कधी लिहून ठेवली नाही.

केशवरावांचा आवाज तडफदार होता, तर बालगंधर्वांचा लडिवाळ. त्यामुळे महाराष्ट्रात केशवरावांचे पक्षपाती व गंधर्वांचे पक्षपाती असे दोन पंथच पडले होते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत या दोघांनी टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ 'संयुक्त मानापमान' केले; केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. रसिकांनी शंभर रुपयांपर्यंत तिकिटे घेतली. ज्यांच्या चाहत्यांचे एकमेकांशी पटत नव्हते, ते दोन नट एका रंगमंचावर एकमेकांना साथ देत होते, हे त्या रात्रीचे मर्म होय. त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने केशवरावांचा अंत झाला. वय अवघे ३१.

दुबलगुंडीच्या आजोबांचे वडील सांगत, ते या प्रसंगाविषयीचे. त्या काळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. मंडळ्यांचे दौरे, बातम्या आणि नाट्यपदे हुमनाबादच्या बाजाराला येणाऱ्या माणसांबरोबर गावात पोचत. केशवराव गेल्याची वार्ता आली तेव्हा पारावर दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, ललितकलेने आता पडदा कायमचा पाडावा. केशवरावांच्या नावावर दुसऱ्याने पोट भरू नये. दुसरा म्हणाला, मंडळीवर किती बिऱ्हाडे अवलंबून आहेत ती मोजा आणि मग बोला.

मंडळीने काय केले? मंडळीतीलच व्यंकटेश बळवंत उर्फ बापूराव पेंढारकर पुढे झाले व त्यांनी धुरा घेतली. त्यांनी जे केले त्यातील शहाणपण आजही विचार करण्याजोगे आहे. ते केशवरावांच्या छायेत बसून राहिले नाहीत. मामा वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' १९२२ मध्ये आणि 'तुरुंगाच्या दारात' १९२३ मध्ये त्यांनी रंगभूमीवर आणले. पुढे १९३२ मध्ये गिरणी कामगारांच्या जीवनावरील 'सोन्याचा कळस' आणले. वझेबुवांनी चाली दिल्या आणि चित्रकार पु. श्री. काळे यांनी नेपथ्याला नवे वळण लावले. केशवरावांनी जे पाहिलेही नव्हते असे पुष्कळ काही केशवरावांच्या मंडळीने करून दाखविले.

१९३७ मध्ये बापूरावही गेले आणि मंडळी खरोखरच थांबली. पण ज्या वर्षी केशवराव वारले, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बापूरावांना पुत्र झाला होता. त्या भालचंद्र पेंढारकरांनी १९४२ मध्ये ललितकलादर्श पुन्हा उभी केली. 'दुरितांचे तिमिर जावो' १९५७ मध्ये, 'पंडितराज जगन्नाथ' १९६० मध्ये, 'जय जय गौरीशंकर' १९६६ मध्ये, अशी नाटके तिने दिली. भालचंद्र पेंढारकर २०१५ मध्ये निवर्तले. केशवरावांना पाहण्याचा योग त्यांना कधीच आला नव्हता. तरीही त्यांची मंडळी त्यांनी आयुष्यभर वाहिली.

याचा अर्थ चालू ठेवणे तेवढे योग्य आणि थांबणे अयोग्य, असा घेऊ नये. १९८० या एकाच वर्षी रॉक गायनाच्या जगात दोन मृत्यू झाले. फेब्रुवारीत 'एसी डीसी' या संचाचे गायक बॉन स्कॉट गेले. सोबत्यांनी ब्रायन जॉन्सन यांना घेतले आणि पाच महिन्यांतच 'बॅक इन ब्लॅक' ही नवी ध्वनिमुद्रिका काढली. गेलेल्या मित्रासाठी तिचे वेष्टन त्यांनी काळे ठेवले. सप्टेंबरात 'लेड झेपेलिन' या संचाचे ड्रमवादक जॉन बॉनहॅम गेले. त्यांच्या सोबत्यांनी डिसेंबरात जाहीर केले की, आता पूर्वीसारखे चालू राहणे आपणांस शक्य नाही. दोन्ही निर्णय प्रामाणिक होते, कारण ते ज्यांच्या शेजारची जागा रिकामी झाली होती त्यांनी घेतले होते.

आपल्या देशातही असे उदाहरण आहे. १९९० मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या 'इंडियन ओशन' या संचाचे अशीम चक्रवर्ती तबलाही वाजवीत आणि गातही. २५ डिसेंबर २००९ रोजी ते वारले. संचाने गाणे सोडले नाही. परंतु त्यांच्या एकट्याच्या जागी दोघांना घ्यावे लागले, गाण्यासाठी हिमांशू जोशी आणि तबल्यासाठी तुहीन चक्रवर्ती. एका माणसाची जागा भरावयास दोन माणसे लागली, हे सांगण्यात कमीपणा कसला? गेलेल्याचे मोल त्याहून चोख कोणी सांगितले नसते.

मग चाहत्यांचे काम काय? चाहत्याला शोक करण्याचा पूर्ण हक्क आहे. पूर्वीचे गाणे अधिक आवडते असे म्हणण्याचाही हक्क आहे. परंतु मृत माणसाच्या स्मृतीची काठी करून जिवंत माणसाच्या पाठीत घालण्याचा हक्क त्याला नाही. बापूरावांचे पद चालू असताना प्रेक्षागृहात बसून जो केशवरावांचेच नाव घोळवीत राहील, तो केशवरावांवर प्रेम करतो असे नव्हे; त्याचे प्रेम स्वतःच्या तारुण्यावर असते. ती गेलेली वर्षे परत मिळत नाहीत, याचा राग तो नव्या गायकावर काढतो.

कोल्हापूरकरांनी अलीकडेच या प्रश्नाला आपल्यापुरते उत्तर दिले. राजर्षी शाहू महाराजांनी बांधविलेल्या आणि पुढे केशवराव भोसले यांचे नाव दिलेल्या तेथील नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सुमारे ११० वर्षांच्या त्या वास्तूतील रंगमंच जळून गेला. हळहळ फार झाली. पण जळाले ते जळाले, आता तेथे स्मारकाची शिळा बसवा असे लोकांनी म्हटले नाही. त्यांनी नाट्यगृह पुन्हा बांधण्याचीच मागणी धरली, आणि तसाच निर्णय झाला. नाटकवाल्याचे स्मरण नाटक करूनच व्हावे, असे त्या गावाने मानले.

असो. आता पुन्हा २०२१ च्या त्या रात्रीकडे वळावे. आजोबांनी केशवरावांची व बापूरावांची गोष्ट मोठ्या रंगात सांगितली. नातवाने फोन खाली ठेवला होता. सारे ऐकून तो काही वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "आजोबा, मग आपलं भजन का बंद आहे?"

घराच्या ओसरीत खुंटीला वीणा टांगलेली होती. तिच्याखाली कापडात गुंडाळलेला पखवाज होता. त्या गावातील भजनी मंडळीत आजोबा वीणेकरी होते. एप्रिल महिन्यात, महासाथीच्या दुसऱ्या लाटेत, मंडळीचा पखवाजी गेला. तो आजोबांचा समवयस्क होता आणि दोघे चाळीस वर्षे एकमेकांशेजारी उभे राहिले होते. तेव्हापासून भजन झाले नव्हते. आषाढी तशीच गेली. श्रावणही अर्धा होऊन गेला.

"त्याच्यासारखा हात आता गावात नाही," आजोबा म्हणाले.

"त्यांच्या शेजारी बसून चार वर्षं शिकत होता, तो मुलगा?"

आजोबांनी उत्तर दिले नाही. तो मुलगा कानडी बोलणाऱ्या घरचा होता. तुकोबांचे अभंग त्याला पाठ होते. पण तो ळ आणि ल कसे उच्चारतो, ठेका किती घाईने धरतो, यावर मंडळीतील वृद्धांनी नाके मुरडली होती. पखवाजी जिवंत असताना त्या मुलाला कोणी काही बोलले नव्हते, कारण गुरूच्या शेजारी तो शोभत होता. गुरू गेल्यावर मात्र त्याची कानडी अचानक सर्वांना ऐकू येऊ लागली होती. आजोबाही त्या वृद्धांतच होते. हुबळीत नारळ फोडणाऱ्या केशवरावांचा अभिमान त्यांनी आताच, याच ओसरीवर बसून सांगितला होता.

"तो मुलगा काय म्हणतो?" आजोबांनी थोड्या वेळाने विचारले.

"काही म्हणत नाही. संध्याकाळी देवळाबाहेर बसून मांडीवर ठेका धरतो. मी कालच पाहिलं."

पुढच्या एकादशीला भजन झाले. दुपारीच आजोबांनी पखवाजाचे कापड स्वतः सोडले आणि घरात विचारले, "थोडी कणीक भिजवता का? धुमेला लावायची आहे." मुलगा आला, त्याने पखवाजाला नमस्कार केला आणि बसण्यापूर्वी तो क्षणभर आजोबांकडे पाहत राहिला. जुन्या पखवाजीची जागा खांबाशेजारी होती. तेथे बसावे की नाही, हे त्याला उमगत नव्हते. आजोबांनी मानेनेच खूण केली, तेथेच बस.

पहिल्या अभंगाला ठेका घाईने गेला. एकदा समही चुकली. मागे कोणीतरी सुस्कारा टाकला, आणि तो सर्वांना ऐकू गेला. आजोबांनी मागे वळून पाहिले नाही. त्यांनी वीणा सावरली, लय थोडी संथ केली आणि तेच चरण पुन्हा उचलले. त्या मुलाला ठेका सापडेपर्यंत ते चरण ते घोळवीत राहिले.

त्याच महिन्याच्या अखेरीस, २६ सप्टेंबर रोजी, अमेरिकेतील सेंट लुईस शहरात रोलिंग स्टोन्सचा दौरा सुरू झाला. ड्रमवर स्टीव्ह जॉर्डन होते. वॉट्स आजारी असल्याने त्यांच्या जागी जॉर्डन वाजवतील, असे वॉट्स यांच्या हयातीतच ठरले होते. आरंभी रिकाम्या रंगमंचावर केवळ ठेका ऐकू आला आणि पडद्यावर वॉट्स यांची छायाचित्रे झळकली. त्यानंतर गाणे सुरू झाले. नातवाने ते फोनवर पाहिले आणि आजोबांनाही दाखविले. आजोबांनी चष्मा लावून निरखून पाहिले व विचारले, "नवा कोणता यातला?"